अजिंठ्याची पाठशाळा व मराठवाड्यांतील अक्षरशिक्षण

१

मूल पाटी हातीं घेतें, कांहीं महिने अक्षरें गिरवितें, आणि एके दिवशीं वाचूं लागतें. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिलाही इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. राजे, लढाया, सनदा व वंशावळी यांचा शोध आपल्याकडे पुष्कळ झाला. परंतु ज्या अक्षरांनीं त्या सनदा लिहिल्या गेल्या, तीं अक्षरें लिहिणाराच्या हातीं कशीं आलीं, त्यास पहिला शब्द कोणता शिकविला गेला, आणि तो शब्द त्याच्या घरचा होता कीं परका, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. आयुष्य अध्यापनांत गेलेल्या मनुष्यास हा प्रश्न सुचावा हें स्वाभाविक आहे; पण तो केवळ शिक्षकाचा प्रश्न नव्हे, इतिहासाचाही आहे, एवढें दाखविण्याचा येथें यत्न केला आहे.

विवेचनासाठीं जुना औरंगाबाद जिल्हा घेतला आहे. या शहरास व जिल्ह्यास २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगर हें नांव अधिकृतपणें मिळालें आहे. जुन्या काळाविषयीं लिहितांना त्या त्या काळचें नांव ठेवलें आहे. हा प्रदेश निवडण्यास कारणें तीन. मुलांच्या शाळेचें एक अति प्राचीन चित्र याच जिल्ह्यांत अजिंठ्यास आहे. ज्या व्याकरणाशीं आपल्या ‘ओनामासी’चा संबंध जोडला जातो, त्याची जन्मकथा याच जिल्ह्यांतील पैठणची आहे. आणि आधुनिक काळांत घरची भाषा एक व शाळेची दुसरी असा प्रसंग जेथें फार मोठ्या प्रमाणावर आला, त्या निजामी मराठवाड्याचें औरंगाबाद हें मुख्य नगर होतें.

लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें: अक्षर शिकविण्याची रीत या प्रदेशांत दीड हजार वर्षें मूलतः तीच राहिली, बदलत गेले ते शब्द. आणि शाळेचा पहिला शब्द घरच्या पहिल्या शब्दापासून जितका दूर गेला, तितकी विद्येची वाट अरुंद झाली.

२

अजिंठ्याचें सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव यानें कोरविलें, हें तेथील शिलालेखावरून निश्चित होतें. काळ इसवी सनाच्या पांचव्या शतकाचा उत्तरार्ध. या लेण्याच्या भिंतीवर बुद्धचरित्रांतील प्रसंग रंगविलेले आहेत. त्यांत बाल सिद्धार्थ शाळेंत बसला आहे असा एक प्रसंग आहे व त्याला लागूनच धनुर्विद्येच्या अभ्यासाचा प्रसंग आहे. रंग पुष्कळ उडाले आहेत, तरी प्रसंगाची ओळख पटते. निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनीं १९३० सालापासून अजिंठ्याच्या चित्रांचे जे मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांमुळें हीं चित्रें जगभरच्या अभ्यासकांपुढें आलीं.

या प्रसंगाची कथा ‘ललितविस्तर’ या बौद्ध संस्कृत ग्रंथांत सविस्तर आली आहे. राजपुत्रास लिपिशाळेंत नेतात. तेथें विश्वामित्र नांवाचा आचार्य असतो. बालक चंदनाचा लिपिफलक हातीं घेऊन चौसष्ट लिपींचीं नांवें सांगतो आणि यांपैकीं आपण मला कोणती शिकविणार, असें आचार्यासच विचारतो. हा भाग भक्तीच्या अतिशयोक्तीचा आहे. परंतु त्यापुढील भाग शिक्षणाच्या इतिहासास फार मोलाचा आहे. मुलें वर्णमाला म्हणूं लागतात, आणि एकेका वर्णाबरोबर त्या वर्णापासून सुरू होणारा एकेक शब्द व त्यांतील तत्त्व उमटत जातें. ‘अ’ म्हणतांच अनित्यतेचा बोध होतो, व हाच क्रम पुढें चालतो.

आज आपलें मूल ‘अ अननसाचा, आ आईचा’ म्हणतें तेव्हां रीत हीच असते. वर्ण एकटा ध्यानांत राहत नाहीं. त्यास शब्दाचा आधार लागतो. ही युक्ति इंग्रजी अमदानींत पुस्तकांतून आपल्याकडे आली, असा समज कित्येकांचा आहे. तो ललितविस्तर पाहिल्यावर टिकत नाहीं. भेद आहे तो शब्दाच्या निवडीत. भिक्षूच्या शाळेंत ‘अ’ हा अनित्याचा होता, कारण तेथें मुलास विरक्तीकडे न्यावयाचें होतें. कोणता शब्द वर्णास जोडावा हें शाळा चालविणारा ठरवितो, आणि त्या निवडींत त्याचा हेतु दिसून येतो. हें सूत्र पुढें वारंवार उपयोगीं पडेल.

३

आतां पैठणकडे वळूं. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरां’त सातवाहन राजाची कथा आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी त्यास पाणी उडवूं नका या अर्थानें ‘मोदकैः’ असें म्हणते. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधि राजाच्या ध्यानांत येत नाहीं; तो मोदक आणवितो. राणी हंसते, राजा लज्जित होतो आणि संस्कृत शिकविणारा कोणी आहे काय, असें विचारतो. व्याकरणास बारा वर्षें लागत. गुणाढ्य म्हणतो, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पण लावतो कीं, तसें झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्मा कार्तिकेयाच्या प्रसादानें एक लघु व्याकरण मिळवून पण जिंकतो. तेंच कातंत्र, अथवा कौमार किंवा कालाप व्याकरण.

ही कथा अकराव्या शतकांतील काश्मीरच्या कवीनें सांगितलेली आहे, तेव्हां तिला समकालीन पुरावा मानतां येत नाहीं. कातंत्राचा काळही अर्वाचीन अभ्यासक सातवाहनांच्या पुष्कळ अलीकडे आणतात. तथापि कथेंतील परिस्थिति खरी आहे. सातवाहनांचे शिलालेख प्राकृतांत आहेत. ‘गाथासप्तशती’ ज्या हालाच्या नांवावर आहे तो याच वंशांतला मानला जातो, व तो ग्रंथही प्राकृतांत आहे. म्हणजे राजाच्या घरची भाषा प्राकृत व विद्येची संस्कृत. ‘मोदक’ हा शब्द त्यास ठाऊक होता, ‘उदक’ हाही असावा; ठाऊक नव्हता तो दोन शब्दांचा सांधा. घरच्या भाषेपलीकडची भाषा शिकणारास अडचण येते ती बहुधा अशाच ठिकाणीं. आणि जो इलाज शर्ववर्म्यानें केला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: त्यानें शिष्यास दोष दिला नाहीं, शास्त्र लहान केलें.

कातंत्राच्या पहिल्याच सूत्रांत वर्णांचा क्रम लोकांत सिद्धच आहे, असें मानून पुढें जाण्याची भूमिका घेतली आहे. पाणिनीय परंपरेंत चौदा माहेश्वर सूत्रांनीं वर्णांची नवी मांडणी केलेली असते. कातंत्रकारानें ती न करतां मूल जो क्रम घोकून आलेलें असतें तोच घेतला. हें व्याकरण जैनांनीं व बौद्धांनीं आपलेंसें केलें, बंगाल व काश्मीर येथें तें चाललें, तिबेटी भाषेंत गेलें, आणि मध्य आशियाच्या वाळवंटांत त्याचे जीर्ण अवशेष सांपडले.

आपल्या जुन्या शाळांत विद्यारंभ ‘ॐ नमः सिद्धम्’ या वाक्यानें होई. मुलांच्या तोंडीं त्याचें ‘ओनामासीधं’ झालें, आणि कोणत्याही गोष्टीच्या आरंभास ‘ओनामा’ म्हणण्याचा प्रघात पडला. यांतील ‘सिद्ध’ कोणता, याविषयीं मतभेद आहेत. कोणी जैनांच्या सिद्धवंदनाशीं त्याचा संबंध लावतात, कोणी कातंत्राच्या प्रथम सूत्राशीं. येथें दोन गोष्टी नमूद करण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, नाशिकच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांच्या आरंभीं ‘सिद्धम्’ हा शब्द प्राकृत रूपांत येतो. तो मंगलवाचक आहे व कोणत्याही एका पंथाचा नाहीं. दुसरी ही कीं, सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशानें मुलांच्या पहिल्या पाठास ‘सिद्धम्’ हेंच नांव दिलें आहे; मूल सहाव्या वर्षीं तो पाठ सुरू करतें व सहा महिन्यांत संपवितें, वर्ण एकोणपन्नास व त्यांच्या जोडण्यांनीं होणारीं अक्षरें दहा हजारांहून अधिक, असें तो सांगतो. चीनमार्गें जपानांत गेलेल्या आपल्या लिपीस तेथें अद्यापि ‘शित्तान’ म्हणतात, तें याच शब्दाचें रूप. तेव्हां ‘सिद्धम्’ हें प्रथमतः मंगल, मग पाठाचें नांव, व पुढें निरनिराळ्या पंथांनीं आपापल्या अर्थानें घेतलेलें वाक्य, असा क्रम मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

बाराखडीचीही हीच गोष्ट. ‘बारा अक्षरी’ यावरून हा शब्द झाला. एका व्यंजनास बारा स्वर जोडून क, का, कि, की येथपासून कं, कः येथपर्यंत बारा रूपें होतात. इत्सिंगच्या थोडा आधीं आलेला व ६४१ च्या सुमारास महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएनत्संग मुलांचा पहिला ग्रंथ बारा प्रकरणांचा असल्याचें सांगतो. तो आपल्या बाराखडीचाच पूर्वज म्हटला पाहिजे. छत्तीस व्यंजनें धरल्यास मुलानें म्हणावयाचीं अक्षरें होतात चारशें बत्तीस. एवढीं रूपें सुटीं पाठ करणें अशक्य. पण एका ओळीचा ठेका कानांत बसला कीं उरलेल्या पस्तीस ओळी आपोआप येतात. घोकंपट्टी म्हणून जिची निंदा होते त्या रीतीच्या मुळाशीं अशी काटकसर आहे. अलीकडे महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयानें ॲ व ऑ या स्वरांस वर्णमालेंत स्थान मिळालें, आणि कांहीं शाळांतून बाराखडीची ‘चौदाखडी’ झाली. बँक व डॉक्टर हे शब्द घराघरांत पोंचले तेव्हां अक्षरांनीं वाट करून दिली. म्हणजे येथेंही शब्द पुढें आणि अक्षर मागें, हाच क्रम दिसतो.

४

यादवांची राजधानी देवगिरि औरंगाबादेपासून फार दूर नाहीं. तेथील हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत यानें मोडी लिपि चालू केली अशी परंपरागत समजूत आहे. तिचा उगम कसाही असो, पुढील कित्येक शतकें मराठी लेखनाच्या दोन वाटा झाल्या: पोथीस बाळबोध व दप्तरास मोडी. दोहोंच्या शिक्षणांत भेद होता. बाळबोध लिहिणारा एकेक अक्षर सुटें काढून वर रेघ देतो; मोडी लिहिणारा आधीं पानभर रेघ ओढतो व तिच्याखालीं हात न उचलतां अक्षरें सोडीत जातो. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार सहसा वेगळे दाखवीत नाहींत. त्यामुळें मूल तोंडानें बारा रूपें म्हणे, पण लिहितांना रूपें कमी होत. मोडी पक्की झाली म्हणजे हिशेब, कर्जरोखा, पावती, कौल व वसुलाची फर्द वाचतां येई. जोडाक्षरांनीं भरलेला संस्कृत शब्द तेथें क्वचित् लागे. लागत ते जमा, खर्च, बाकी, रुजू, इसम, बिघा हे.

बाळबोध लेखनाचा जुना पाठ या विभागाच्याच एका सुपुत्रानें लिहून ठेवला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, जांब गांवचा. हा गांव आतां १९८१ सालीं वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यांत मोडतो. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें, सुटें व काळें असावें, ओळी सरळ असाव्या, ग्रंथाच्या आरंभींचें अक्षर व शेवटचें अक्षर एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, इतका बारकावा त्यांत आहे. असा समास मराठींत व्हावा ही भाग्याची गोष्ट होय. परंतु तो समास ब्राह्मणास उद्देशून आरंभ होतो, हेंही इतिहासकारानें सांगितलें पाहिजे. अक्षर सुंदर करण्याचा उपदेश कोणास होता व कोणास नव्हता, तें त्यावरून कळतें.

पंतोजीच्या शाळेचा क्रम अनेकांस ऐकून ठाऊक आहे. फळीवर धूळ पसरून तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, ती धूळपाटी. अंकगणितास संस्कृतांत पाटीगणित व धूलिकर्म हीं नांवें पडलीं तीं यामुळेंच. पंतोजीनें काढलेल्या अक्षरावरून मुलानें हात फिरवावयाचा, तें गिरविणें. मग मुळाक्षरें, बाराखडी, जोडाक्षरें. त्याबरोबर पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. शेवटीं बोरूनें कित्ता. पंतोजीस मिळे तें बहुतेक धान्यरूपानें. मुलें कोणाचीं, तर ज्यांस दप्तर, दुकान किंवा देवघर चालवावयाचें त्यांचीं. मुली जवळजवळ नाहींत. अस्पृश्य गणलेल्या जातींस तर उंबरठाच बंद. तेव्हां घरची भाषा व शाळेची भाषा एक असली म्हणजे विद्या सर्वांस मिळते, असा भाबडा निष्कर्ष या काळावरून काढतां येणार नाहीं. भाषा एक असणें ही आवश्यक अट. ती पुरेशी अट नव्हे.

५

निजामी राज्यांत १८५९-६० च्या सुमारास, सर सालारजंग दिवाण असतां, तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणीं एक फारसी व एक देशभाषेची अशा दोन शाळा काढण्याचे हुकूम झाले. हेतु समतोल होता. परंतु १८८४ च्या सुमारास कारभाराची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली, आणि नोकरीची वाट जिकडे तिकडे शाळेचें तोंड वळलें. प्राथमिक शाळेस तहतानिया, माध्यमिकास वस्तानिया व उच्च शाळेस फौकानिया म्हणत. वर्ग म्हणजे जमात, शिक्षक म्हणजे मुदर्रिस. साल फसली, आणि महिने आजूर, दै, बहमन असे. मराठी मुलास खालच्या वर्गांत मातृभाषा मिळे तेथेंही पुढें उर्दू माध्यमाखेरीज गति नसे. १९०१ च्या खानेसुमारींत संपूर्ण राज्यांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा तीनच्या घरांत होतें. याचीं कारणें अनेक. दारिद्र्य, जातिभेद व शाळांचा तुटवडा हीं त्यांतलीं मोठीं. पण भाषेचें कारण लहान मानतां येणार नाहीं.

तें कारण अक्षराच्या पातळीवर पाहिल्यास स्पष्ट होतें. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षराचें रूप शब्दाच्या आरंभीं, मध्यें व अंतीं पालटतें. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत. त्यामुळें बाराखडीचा ठेका तेथें कामास येत नाहीं; शब्द आधींच ठाऊक असेल तरच तो वाचतां येतो. ज्याची ती घरची भाषा त्यास ही अडचण नव्हे, उलट सोय आहे. परक्या मुलास मात्र प्रत्येक शब्द एक कोडें. ‘स’च्या उच्चारास तीन व ‘ज’सदृश उच्चारास अनेक अक्षरें, अरबींत त्यांचे ध्वनि निराळे, मराठी कानास सारे सारखे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, प्रचलित उर्दू वर्णमालेंत ‘ण’ व ‘ळ’ यांस स्वतंत्र अक्षर नाहीं. मराठी मुलानें ‘पाणी’ लिहूं गेल्यास ‘पानी’ होई, ‘बाळ’ लिहूं गेल्यास ‘बाल’. शाळेंत मिळविलेल्या अक्षरांनीं आईस लिहिलेलें पत्र आईच्या बोलीसारखें वाचतांच येत नव्हतें. हा त्या लिपीचा दोष नव्हे. ती दुसऱ्या बोलीसाठीं घडली होती.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही मांडली पाहिजे. औरंगाबाद हें उर्दूचेंही जुनें घर आहे. वली व सिराज हे कवि याच शहराचे. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचें कार्यालय मौलवी अब्दुल हक यांनीं येथें आणलें; १९२१ सालीं ‘उर्दू’ हें त्रैमासिक येथूनच निघालें, आणि सुमारें पाव शतक या नगरानें त्या भाषेची सेवा केली. अब्दुल हक येथील उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजाचे प्रमुखही होते. १९१७ सालीं उस्मानिया विद्यापीठाची योजना झाली तेव्हां तिच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें असें कीं, इंग्रजींतून शिकणाराची शक्ति भाषेंतच खर्ची पडते व विषय हातीं लागत नाहीं. विद्या देशी भाषेंतच दिली पाहिजे. हें म्हणणें सर्वस्वी खरें होतें, आणि त्यासाठीं भाषांतराचें जें प्रचंड काम हैदराबादेस झालें त्याबद्दल आदरच वाटतो. चूक झाली ती सिद्धांतांत नव्हे, व्याप्तींत. इंग्रजीविरुद्ध उर्दूच्या बाजूनें जो युक्तिवाद लागू होतो, तोच उर्दूविरुद्ध मराठी, तेलुगु व कानडी यांच्या बाजूनें लागू होतो. राज्यांतील बहुसंख्य प्रजा या तीन भाषा बोलत होती. फार काय, औरंगाबादेच्या गल्लींतील मुसलमान मुलाची घरची बोली दखनी. तो मराठींतून आलेला ‘नक्को’ म्हणे व पुस्तकांत त्यास ‘नहीं’ शिकावें लागे. त्यासही थोडें अंतर तोडावें लागलेंच.

मराठी समाजानें याला जें उत्तर दिलें तें शाळेच्या रूपानें. गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय १९०७ चें, औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ चें, अंबेजोगाईचें योगेश्वरी नूतन विद्यालय १९१७ चें, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. खाजगी शाळांवर सरकारची नजर कडक असे. तरी या शाळा टिकल्या. हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे आधीं हिप्परग्यास व नंतर अंबेजोगाईस शिक्षक होते. गोविंदभाई श्रॉफ यांचें नांव सरस्वती भुवनाशीं कायमचें जोडलें गेलें. लढ्याचे नेते शिक्षकांतून यावे हा योगायोग मानतां येत नाहीं. मुलास त्याच्या भाषेंत वाचतां यावें या साध्या मागणींतून नागरिकत्वाची मागणी वाढली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें व जें पुढें मिलिंद या नांवानें प्रसिद्ध झालें, त्यानें पंतोजीच्या काळापासून बंद असलेला उंबरठा मोकळा केला. घराण्यांत प्रथमच अक्षर शिकलेलीं मुलें तेथून पदवीधर होऊन निघालीं.

६

भाषा मराठी झाली. आतां पहिले शब्द कोणते, हा प्रश्न उरला. ‘अ अननसाचा’ हें आपण अनादि मानतों; परंतु अननस हें फळ मूळ दक्षिण अमेरिकेचें, तें व त्याचें नांव पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आलें. गोदातीरीं तें पिकत नाहीं. ‘ण’ व ‘ळ’ या वर्णांपासून मराठींत शब्द सुरू होत नाहीं, म्हणून ‘ण बाणाचा, ळ बाळाचा’ असें म्हणावें लागतें. ज्या दोन अक्षरांस निजामी शाळेंत जागा नव्हती, तीं मराठी पाटीवरही शब्दाच्या शेवटींच बसतात, पण बसतात.

पहिल्या वाचनपाठांतील शब्द निवडण्याची कसोटी मात्र अर्थ ही नसते. काना-मात्रा नसणें ही असते. ग, म, भ, न हीं अक्षरें आकारानें जवळचीं म्हणून एकत्र शिकवितात, व त्यावरून ‘गमभन’ हा शब्दच अक्षरओळखीचा वाचक झाला. मग कमळ, बदक, मगर, गवत, शहर हे शब्द येतात, कारण त्यांस ना काना, ना वेलांटी. उलट आई, पाणी, भाकरी, गाय, शेत, विहीर हे शब्द मुलाच्या तोंडीं दिवसांतून दहा वेळां येतात. ते पुस्तकांत मागाहून, कारण त्यांस काने व वेलांट्या आहेत. दुष्काळी तालुक्यांतील मूल बदक वाचावयास शिकतें व पाण्यासाठीं थांबतें. लिपीची सोय व मुलाचें अनुभवविश्व यांत सोयीचा जय झाला आहे. शर्ववर्म्यानें शिष्याकडे पाहून शास्त्र लहान केलें. आपण पुस्तकाकडे पाहून मुलाचें जग लहान करतों.

यावर उपाय जुन्या रीतींतच आहे. बाराखडी आधीं कानानें पक्की होई, डोळ्यानें मागून. म्हणून ‘आई’ हा शब्द अक्षरें ओळखण्यापूर्वींही चित्रासारखा दाखवितां येतो, व त्यांतून दोन स्वर सुटे करतां येतात. अनेक शिक्षक असें करीत आले आहेत व करतात. शब्दाकडून अक्षराकडे व अक्षराकडून शब्दाकडे अशी येजा असली म्हणजे दोन्ही पद्धतींचें भांडण मिटतें.

७

शेवटीं एक गोष्ट, जी या सर्व विवेचनाचा हेतु आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आसपास, कन्नड व सोयगांव या तालुक्यांत, बंजाऱ्यांचे तांडे व भिल्लांच्या वस्त्या आहेत. तांड्यावरचें मूल घरीं गोरमाटी बोलतें. त्याची आई ‘याडी’, भाकरी ‘बाटी’. ‘आ आईचा’ हें वाक्य त्या मुलास, ‘पाणी’चें ‘पानी’ पाहून मराठी मुलास जसें वाटलें असेल, तसेंच वाटत असणार. औरंगाबादच्या उर्दू शाळेंतील मूल, ऊसतोडीस आईबापांबरोबर परप्रांतीं जाणारें मूल, यांचाही प्रश्न याच जातीचा. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांची व्याप्ति किती, तें शिक्षकाच्या कळकळीवर ठरतें.

उस्मानियाच्या संस्थापकांनीं सिद्धांत बरोबर मांडला व आपल्या भाषेपाशीं थांबविला. ज्या समाजानें त्याचें दुःख भोगलें, त्यानें तोच सिद्धांत मराठीपाशीं थांबवूं नये. मराठीचा अभिमान कमी करण्याची यांत गरज नाहीं. तांड्यावरच्या मुलास पहिल्या आठवड्यांत ‘याडी’ हा शब्द त्याच बाळबोध अक्षरांत लिहून दाखविला, तर मराठीची हानि होत नाहीं. आपलीं अक्षरें त्याच्याही घरचीं होतात, आणि तें मूल पुढें ‘आई’ अधिक लौकर वाचतें.

संशोधनाच्या दृष्टीनें येथें पुष्कळ काम पडून आहे. जुन्या वाड्यांतून मोडीचे कित्ते, उजळणीच्या वह्या, फसली सालाचीं हजेरीपत्रकें, खाजगी मराठी शाळांचीं जमाखर्चाचीं पुस्तकें, व मुलांच्या हातच्या पाट्या अद्यापि असतील. सनद हातीं लागली तर आपण जपून ठेवतों. मुलाची वही रद्दींत जाते. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते जपावे, व शक्य तर अभ्यासकांस पाहूं द्यावे. या प्रदेशांत कोणता शब्द कोणत्या पिढीच्या पाटीवर प्रथम उमटला, हें त्या कागदांवरून कळेल. आणि तें कळलें म्हणजे पुढच्या पिढीच्या पाटीवर कोणता उमटावा, हें ठरविणें सोपें जाईल.